'चावी दिली, विषय संपला' असं सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

ब्रिटन सोडून कायमचं भारतात परतणाऱ्या मंडळींच्या ग्रुपवर एक मेसेज दर दोन-तीन महिन्यांनी उगवतो. वर हात जोडलेले, खाली "अनुभवातून सांगतोय, पुढे पाठवा". मजकूर थोडक्यात असा: निघायच्या गडबडीत गाडी विकायला वेळ नसेल तर चावी आणि लॉग बुक (गाडीच्या नोंदणीचा कागद) ओळखीच्या माणसाला द्या, नावावर करायचं तो बघेल. व्हिसा संपला की तुमचं नाव आपोआप निघतं. रोड टॅक्स आणि इन्शुरन्स भरलेला आहे, तो मित्राला वापरू द्या. हप्ते चालू असतील तर डायरेक्ट डेबिट (बँकेतून आपोआप जाणारे पैसे) बंद करा, कंपनी गाडी उचलून नेईल. दंड आलेच तर वसुलीला पुण्यात कोण येतंय? आणि गाडीवर फारच जीव असेल तर बोटीने आणा, ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्समध्ये (कायमचं परतणाऱ्यांना मिळणाऱ्या कस्टम्सच्या सवलतीत) ड्यूटी माफ असते.

यातलं एक वाक्य खरं आहे. शेवटी बारीक अक्षरात लिहिलंय की "वेळ मिळाला तर डीव्हीएलएला ऑनलाइन कळवा, पाच मिनिटांचं काम आहे". डीव्हीएलए म्हणजे तिथलं गाड्यांच्या नोंदणीचं सरकारी खातं, कचेरी वेल्समधल्या स्वॉन्सीला. काम खरंच पाच मिनिटांचं आहे. फक्त ते "वेळ मिळाला तर" करायचं नसतं.

मी हे अधिकारवाणीने लिहीत नाहीये. दोन वर्षांपूर्वी लंडनला लागून असलेलं स्लाउ सोडताना मी स्वतः नेमकं या मेसेजप्रमाणेच वागले होते.

आधी "चावी आणि लॉग बुक दिलं की गाडी त्याची" हे बघू, कारण बाकीचा सगळा गोंधळ इथूनच निघतो. आपल्या डोक्यात आरसी बुक म्हणजे मालकी. लॉग बुक हातात आलं की आपण त्याला तिथलं आरसी बुक समजतो आणि त्यावरच्या नावाला मालक म्हणतो. पण त्या लाल कागदाच्या पहिल्याच पानावर छापलेलं असतं की हा मालकीचा पुरावा नाही. गाडीची नोंदणी आणि टॅक्स यांना जबाबदार कोण, एवढंच यावरून कळतं. त्या माणसाला तिथे 'रजिस्टर्ड कीपर' म्हणतात. मराठीत याला चपखल शब्द नाही, म्हणून आपण 'मालक' म्हणून मोकळे होतो आणि फसतो. गाडी तुम्ही विकली असेल, पैसेही खात्यात जमा झाले असतील, म्हणजे मालकी गेली. पण स्वॉन्सीच्या कचेरीत कीपर म्हणून तुमचंच नाव असेल, तर कॅमेऱ्याने टिपलेली प्रत्येक गोष्ट तुमच्या पत्त्यावर येणार.

आणि कळवायचं काम विकणाऱ्याचं असतं, घेणाऱ्याचं नाही. मेसेज इथे सरळसरळ चुकतो. लॉग बुकवरचा अकरा आकडी नंबर, घेणाऱ्याचं पूर्ण नाव, पत्ता आणि तारीख, एवढं ऑनलाइन भरायचं. नवीन कीपरसाठीची हिरवी चिठ्ठी फाडून त्याच्या हातात द्यायची, बाकीचा कागद नष्ट करायचा. डीलरला देत असाल तर उलट: मोटार ट्रेडसाठीचा पिवळा भाग आपल्याकडे ठेवायचा आणि बाकीचं लॉग बुक त्याला द्यायचं. न कळवल्यास १००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो.

मी काय केलं? निघायच्या आदल्या रात्री, स्वयंपाकघरात तेवीस-तेवीस किलोच्या बॅगा ताणकाट्याला टांगून बघत असताना नवऱ्याचा मित्र आला. मी सगळं लॉग बुक, हिरव्या चिठ्ठीसकट, न फाडता, त्याच्या हातात दिलं. वर दुसरी चावी आणि डब्यातल्या उरलेल्या चकल्या. "वहिनी, मी करतो नावावर, तुम्ही काळजी करू नका." माणूस सज्जन. गाडीचा इन्शुरन्स त्याने दुसऱ्याच दिवशी स्वतःच्या नावाने काढला. नावाचं मात्र राहून गेलं. मग त्याने घर बदललं आणि त्या हलवाहलवीत लॉग बुक कुठे गेलं ते कुणालाच कळलं नाही.

आमची डिझेल गाडी २०११ ची, म्हणजे लंडनच्या यूलेझच्या (जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना रोजचे पैसे लावणाऱ्या झोनच्या) नियमात न बसणारी. हा झोन २९ ऑगस्ट २०२३ पासून लंडनच्या सगळ्या बरोंमध्ये, म्हणजे प्रशासकीय विभागांमध्ये, लागू आहे. न बसणाऱ्या गाडीला दिवसाला १२.५० पौंड, आणि ते फक्त नाताळच्या दिवशी नसतात. स्लाउ या झोनच्या बाहेर, पश्चिम लंडनमधलं साउथॉल आत. रस्त्यावर फाटक नाही, शिपाई नाही, फक्त कॅमेरे. मित्र चार रविवारी साउथॉलला भाजी आणायला गेला आणि पैसे भरायचे असतात हे त्याच्या गावीही नव्हतं. सहा महिन्यांनी आमच्या जुन्या घरमालकीणबाईंनी फोटो पाठवला: दाराआतल्या पायपुसण्यावर पाकिटांचा पंखा केलेला, प्रत्येकावर माझं नाव. एका दिवसाची नोटीस १८० पौंडांची. १४ दिवसांत भरली तर निम्मी, आणि मुदतीत काहीच केलं नाही तर २७०. आमच्या चारपैकी दोन अजून १८० वर होत्या, दोन २७० वर गेलेल्या. एकूण ९०० पौंड. कढीपत्त्याची जुडी इतकी महाग लंडनमध्येही मिळत नाही.

"तोपर्यंत गाडी आमची नव्हतीच" हे सांगायची सोय त्या नोटिशीत असते. पण पुरावा काय? पावती लिहिली नव्हती, तारीख कुठे नोंदवली नव्हती. होता तो एक व्हॉट्सअॅप संवाद, त्यातही निम्मा चकल्यांबद्दल. शेवटी डीव्हीएलएला पत्र पाठवलं. लॉग बुक हाताशी नसेल तर हा मार्ग आहे: आपलं नाव-पत्ता, गाडीचा नंबर, मेक आणि मॉडेल, दिल्याची नेमकी तारीख, नव्या कीपरचं नाव-पत्ता. माझं नाव निघालं तेव्हा भारतात दिवाळीचे कंदील लागले होते.

आता "व्हिसा संपला की आपोआप". व्हिसा गृह खात्याचा, गाडी डीव्हीएलएची. तुम्ही हीथ्रोवरून उडालात हे स्वॉन्सीला कोणी कळवत नाही. उलट तुम्ही काहीच केलं नाही तर गाडी रस्त्यावरच आहे असं तिथे धरलं जातं. मग टॅक्स हवा आणि इन्शुरन्सही सलग हवा. २०११ पासून तिथे असा नियम आहे की गाडी 'सॉर्न', म्हणजे रस्त्यावर नाही असं जाहीर केलेली, नसेल आणि तिचा इन्शुरन्स संपलेला असेल, तर ती चालवली नाही तरी कीपरला १०० पौंडांचा दंड येतो. आणि सॉर्न केलेली गाडी खाजगी जागेतच ठेवावी लागते. मित्राच्या दारासमोरच्या सार्वजनिक रस्त्यावर झाकून ठेवलेली चालत नाही.

"भरलेला टॅक्स मित्राला वापरू द्या" हे दहा वर्षांहून जुनं ज्ञान आहे. १ ऑक्टोबर २०१४ ला काचेवरची गोल कागदी चकती गेली, आणि त्याच दिवसापासून टॅक्स गाडीबरोबर जाणंही थांबलं. कीपर बदलला की जुना टॅक्स रद्द, नव्याने आपला भरायचा. उरलेल्या पूर्ण महिन्यांचे पैसे जुन्या कीपरला परत मिळतात, आणि हे महिने डीव्हीएलएला कळलं त्या तारखेपासून मोजतात. म्हणजे कळवायला उशीर केलात की तेवढे पैसेही बुडाले.

इन्शुरन्सचं तर विचारूच नका. तुमची पॉलिसी तुमची आणि तिच्यात नाव घातलेल्या चालकांची. मित्राचं नाव नसेल आणि त्याची स्वतःची पॉलिसीही नसेल, तर तो विनाइन्शुरन्स चालवतोय. १९८८ च्या रोड ट्रॅफिक कायद्यात तसं चालवणं जसा गुन्हा आहे, तसं चालवू देणंही गुन्हा आहे. मित्रप्रेमाला त्यात सूट नाही.

हप्त्यांबद्दलचा सल्ला मला सगळ्यात वाईट वाटतो, कारण तो ऐकून तरुण मुलं खरंच तसं करतात. एचपी किंवा पीसीपीवर, म्हणजे हप्त्यांच्या करारावर, घेतलेली गाडी शेवटचा हप्ता फिटेपर्यंत फायनान्स कंपनीची असते; तुम्ही फक्त कीपर. ती विकायचा किंवा कुणाला देऊन टाकायचा अधिकारच तुम्हाला नाही. पण सरळ वाट आहे. कंपनीकडून सेटलमेंट फिगर, म्हणजे सगळं एकदम फेडायचं तर किती हा आकडा, मागवा; बरेच डीलर ती रक्कम परस्पर चुकती करून उरलेले पैसे तुम्हाला देतात. किंवा १९७४ च्या कन्झ्युमर क्रेडिट कायद्याखाली, एकूण देण्याच्या निम्मी रक्कम भरून झाली असेल आणि गाडी नीट ठेवलेली असेल, तर लेखी कळवून गाडी परत करता येते. डायरेक्ट डेबिट गुपचूप बंद करणं हे यातलं काहीच नाही. ते थकबाकीदार होणं आहे.

मग "वसुलीला कोण येतंय". खरंय, यूलेझच्या दंडासाठी कोणी कोथरूडला येत नाही. पण जुन्या पत्त्यावर बेलीफ, म्हणजे वसुली करणारी माणसं, येऊ शकतात, आणि तिथे आता दुसरंच कुणीतरी राहत असतं, बहुतेक वेळा आपल्याच ओळखीने घर मिळालेलं एखादं नवं मराठी जोडपं. स्पीडिंगचं प्रकरण याहून वेगळं आहे. गाडी कोण चालवत होतं हे कीपरने २८ दिवसांत सांगायचं असतं. न सांगणं हा स्वतंत्र गुन्हा: लायसन्सवर सहा पेनल्टी पॉइंट आणि १००० पौंडांपर्यंत दंड. तुम्ही नसताना, नुसत्या कागदांवर निकाल लागू शकतो. पुढे कधी लेकीच्या पदवीदानाला जायचं म्हणून व्हिजिटर व्हिसाचा अर्ज भरायला बसाल, तेव्हा तिथे प्रश्न असतो: गुन्हा सिद्ध झालाय का, ड्रायव्हिंगसाठी शिक्षा झालीय का, न फेडलेल्या देण्यावरून कोर्टाचा निकाल आहे का. तिथे "नाही" लिहिताना तुम्हाला खरं काय ते माहीत तरी असेल का? पाकिटं तर पायपुसण्यावर पडलेली.

"भारतात असं काही नसतं हो, आपल्याकडे २९-३० नंबरच्या कोऱ्या फॉर्मवर सह्या करून देतात" असं एका काकांनी मला ऐकवलं. काका, इथेही असतं. २०१८ साली सुप्रीम कोर्टाने नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार खटल्यात हेच सांगितलं: गाडी एकामागून एक हात बदलत गेली होती, अपघात झाला, आणि भरपाईची जबाबदारी आरटीओच्या दफ्तरी ज्याचं नाव राहिलं होतं त्याच्यावर आली.

बोटीचं स्वप्न थोडक्यात. ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्सची सवलत घरसामानाला आहे, मोटारगाडी त्या बॅगेजमध्ये मोडत नाही. वापरलेली गाडी आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही आणि ड्यूटी गाडीच्या किमतीपेक्षाही जास्त होते. तरी आणायचीच असेल, तर निघण्याआधी लॉग बुकमधला कायमच्या निर्यातीचा भाग भरून डीव्हीएलएला पाठवायचा असतो, तेही मेसेजमध्ये नाही.

आमच्या ९०० पौंडांपैकी अर्धे मित्राने भरले. उरलेले अर्धे खरं तर कोणाचे, यावर आम्ही अजून बोललेलो नाही. टॅक्सचे तीन महिने मात्र परत आले. त्याचा चेक नियमाप्रमाणे लॉग बुकवरच्या नावाने आणि पत्त्यावर, म्हणजे स्लाउला गेला. घरमालकीणबाईंनी तो पोस्टाने पुण्याला पाठवला. तोपर्यंत तिथलं खातं मी बंद केलं होतं. चेक अजून गॅसच्या पुस्तकाखाली ड्रॉवरमध्ये आहे.