जपानी सिनेमा युद्धावर फक्त स्वतःसाठीच रडला का?

दरवर्षी ऑगस्ट उजाडला, हिरोशिमाच्या आठवणी निघाल्या, की एक मजकूर हमखास फिरायला लागतो. त्याचा गोषवारा असा: जपानी सिनेमाने जगाला फक्त स्वतःची जखम दाखवली, अणुबॉम्ब आणि उपाशी मुलं. चीनमध्ये, मांचुरियात (चीनच्या ईशान्येचा, तेव्हा जपानच्या ताब्यातला प्रदेश) आपल्या सैन्याने काय केलं, यावर एकही सिनेमा निघाला नाही. युद्ध चालू असताना सगळे दिग्दर्शक सरकारचे भाट होते. आणि जर्मनीने मात्र पहिल्या दिवसापासून आरशात पाहिलं.

वाचायला हे पटतं, कारण आपण पाहिलेला जपानी युद्धपट बहुतेक वेळा एकच असतो: इसाओ ताकाहाताचा १९८८चा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज'. पण आपल्यापर्यंत काय पोहोचलं यावरून तिथे काय घडलं हे ठरवायचं, ही मोठी चूक आहे. आणि ज्यांनी सगळं पणाला लावून हे सिनेमे काढले, त्यांच्यावर हा अन्यायही आहे.

सगळ्यात ढोबळ दावा आधी घेऊ: 'एकही सिनेमा नाही'. मासाकी कोबायाशीचा 'द ह्यूमन कंडिशन' १९५९ ते १९६१ या काळात तीन भागांत आला. एकूण लांबी साडेनऊ तासांच्या आसपास. काजी हा मांचुरियातल्या खाणीवर मजुरांची देखरेख करणारा तरुण जपानी. लष्करी पोलीस त्याच्या हवाली चिनी कैदी करतात. मालगाडीचे बंद डबे उघडतात आणि आतून माणसं अक्षरशः खाली कोसळतात, काही तर आधीच मेलेली. जी चालू शकतात ती अन्नाच्या गाडीकडे झेपावतात. मग त्यांना वीज सोडलेल्या तारांच्या कुंपणात डांबलं जातं. पुढे पळून जाण्याच्या खोट्या आरोपावरून काही कैद्यांचा तलवारीने शिरच्छेद होतो, एकामागून एक, सगळ्यांच्या देखत. तात्सुया नाकादाईचा काजी तिथे गोठून उभा असतो, आणि तो मध्ये पडतो तेव्हा काही मुंडकी उडालेली असतात. हा उशीर दिग्दर्शकाने मुद्दाम ठेवलेला आहे. सज्जन माणूसही आधी गप्प बसला, हे त्याला दाखवायचंच होतं. आपण जपानी आहोत यात आपला दोष नाही, तरीही तोच आपला सर्वांत मोठा गुन्हा आहे, अशा अर्थाचं काजी बोलून जातो. स्वतःसाठी रडणाऱ्या सिनेमात असं वाक्य येत नाही.

हे लिहिणारा-दाखवणारा माणूसही कोणी परका नव्हता. कोबायाशी स्वतः सक्तीच्या भरतीत मांचुरियात होता आणि बढती नाकारून साधा शिपाईच राहिला. शिवाय हा कुठल्या कोपऱ्यातला प्रायोगिक चित्रपट नव्हे. मूळ कादंबरी प्रचंड खपलेली होती आणि सिनेमा शोचिकुसारख्या बड्या कंपनीने प्रदर्शित केला.

तो एकटाही नाही. कॉन इचिकावाच्या 'फायर्स ऑन द प्लेन'मध्ये (१९५९) फिलिपाइन्समध्ये हरलेले जपानी सैनिक भुकेने एकमेकांचं मांस खाण्यापर्यंत जातात. किंजी फुकासाकूच्या १९७२च्या 'अंडर द फ्लॅग ऑफ द रायझिंग सन'मध्ये एक विधवा नवऱ्याला मृत्युदंड का झाला याचा माग काढते आणि प्रत्येक माजी सैनिक तिला वेगळीच गोष्ट सांगतो. हा सिनेमा जपानने ऑस्करसाठी अधिकृत प्रवेशिका म्हणून पाठवला होता. केई कुमाईचा 'द सी अँड पॉयझन' (१९८६) क्युशू विद्यापीठात १९४५ साली जिवंत अमेरिकी कैद्यांवर झालेल्या शस्त्रक्रियांवर बेतलेला आहे. काझुओ हाराच्या १९८७च्या माहितीपटात केन्झो ओकुझाकी हा न्यू गिनीहून परतलेला सैनिक आपल्या जुन्या वरिष्ठांच्या घरी जाऊन थडकतो. युद्ध संपल्यावर आपल्याच दोन शिपायांना गोळ्या का घातल्या, कुणाच्या हुकमावरून, हे विचारतो, आणि उत्तर मिळालं नाही तर कॅमेऱ्यासमोर म्हाताऱ्या माणसाला लाथाही घालतो. बोलता बोलता ती म्हातारी माणसं कबूल करतात की तिथे माणसाचं मांस खाल्लं जात होतं, गोऱ्यांच्या मांसाला 'पांढरं डुक्कर' आणि स्थानिकांच्या मांसाला 'काळं डुक्कर' म्हणायचे. हे बघणं असह्य आहे. पण ते जपानमध्ये, जपानी भाषेत, जपानी माणसांच्या तोंडून पडद्यावर आलेलं आहे.

आता 'अणुबॉम्बचं रडगाणं'. १९४५ ते १९५२ जपानवर अमेरिकी अंमल होता आणि प्रत्येक पटकथा, प्रत्येक प्रिंट त्यांच्या सेन्सॉरकडून जात असे. बॉम्बने काय केलं हे त्या काळात मोकळेपणाने दाखवताच येत नव्हतं. कानेतो शिंदोचा 'चिल्ड्रन ऑफ हिरोशिमा' आला तो हा अंमल संपल्यावर, १९५२च्या ऑगस्टमध्ये. ज्याला रडू दिलं गेलं नाही, तो पुढे रडला तर त्याला ढोंगी म्हणू नये. आणि हेच सेन्सॉर उलट्या दिशेनेही चाललं. फुमिओ कामेईने १९४६मध्ये 'द जपानीज ट्रॅजेडी' हा माहितीपट जुन्या वृत्तपटांचे तुकडे जोडून केला. त्यात लष्करी गणवेशातला सम्राट हळूहळू विरघळत साध्या सुटाबुटातला गृहस्थ होतो. सम्राटाच्या जबाबदारीवर एवढं नेमकं बोट ठेवणारी दृश्यं फार थोडी असतील. पंतप्रधान योशिदा यांनी तो पाहून आक्षेप घेतला, आणि आधी दिलेली परवानगी अमेरिकी अधिकाऱ्यांनी काढून घेऊन प्रिंट जप्त केल्या. म्हणजे जपान गप्प बसला असं म्हणताना, कोणाला कोणी गप्प बसवलं हेही सांगायला हवं.

खुद्द 'फायरफ्लाइज'बद्दलही थोडं. हा युद्धविरोधी सिनेमा नाही, असं ताकाहाता वारंवार सांगत असे. त्याचा नायक सेइता हा नौदलाच्या अधिकाऱ्याचा मुलगा. बँकेत त्याला कळतं की जपान शरण गेला आणि आरमारही बुडालं, तेव्हा त्याच्या तोंडून पहिला आक्रोश निघतो तो वडिलांच्या नावाने. त्याचा अभिमान, साम्राज्यावरचा त्याचा विश्वास आणि धाकट्या बहिणीची उपासमार यांची सांगड सिनेमा स्वतःच घालतो. आपण फक्त डोळे पुसतो आणि ती पाहायची राहून जाते.

युद्धकाळातले सगळे भाट? भाट होतेच, आणि १९३९च्या चित्रपट कायद्यानंतर सरकारी पकडीबाहेर सिनेमा काढणं जवळपास अशक्य होतं. अकिरा कुरोसावानेही १९४४मध्ये कारखान्यात राबणाऱ्या मुलींवर प्रचारपट केला. पण 'सगळे' हा शब्द खोटा आहे. कामेईचा १९३९चा 'फायटिंग सोल्जर्स' लष्करासाठी केलेला असूनही त्यात दमलेले, थकलेले सैनिक दिसतात म्हणून तो अडवला गेला आणि १९४१मध्ये कामेईला अटक झाली. केइसुके किनोशिताच्या १९४४च्या 'आर्मी'चा शेवट बघा. मुलगा आघाडीवर निघालाय, पलटण रस्त्याने चाललीय, झेंडे, जयघोष. आणि किनुयो तानाकाने साकारलेली आई गर्दीतून वाट काढत, धडपडत, त्याच्या बरोबरीने धावत राहते. संवाद जवळपास नाहीच. लष्कराला हवी होती मुलगा देशाला देणारी अभिमानी माता, आणि पडद्यावर आली पोटच्या पोराला सोडवत नसलेली बाई. लष्कराची खप्पा मर्जी झाली, आणि युद्ध संपेपर्यंत किनोशिताचा पुढचा सिनेमा आला नाही.

जर्मनीशी तुलना थोडक्यात, कारण ती पोकळ आहे. १९४६मध्ये व्होल्फगांग श्टाउडटेने खुन्यांना नाव देणारा सिनेमा केला खरा, पण तो सोव्हिएत विभागात. पश्चिम जर्मनीत पन्नाशीच्या दशकात डोंगर-दऱ्यांतल्या गोड प्रेमकथा आणि 'शिपाई चांगला, नाझी वाईट' असे युद्धपट चालले. लाखो घरांत ज्यूंच्या संहारावर उघड चर्चा सुरू झाली ती जानेवारी १९७९मध्ये, एका अमेरिकी दूरदर्शन मालिकेमुळे. 'द ह्यूमन कंडिशन' त्याआधी तब्बल दोन दशकं येऊन गेला होता.

दाव्यात तथ्य नाहीच असं मात्र मी म्हणणार नाही. १९८०नंतर मोठ्या बजेटचे, वैमानिकांच्या आणि युद्धनौकांच्या बलिदानावर डोळे ओले करणारे सिनेमे वाढले, आणि त्यात चीन किंवा कोरिया शोधूनही सापडत नाही. 'द बर्मीज हार्प'सारख्या (१९५६) सुंदर सिनेमातही ब्रह्मदेश जपानी मृतांना पुरण्याची जागा होऊन उरतो, तिथली माणसं मागे सरतात. खरी उणीव इथे आहे. जपानी सिनेमाने जपानी गुन्हेगार दाखवला, पण ज्यांच्यावर गुन्हा झाला त्यांना गोष्टीच्या मध्यभागी क्वचितच बसवलं. नागिसा ओशिमाने १९६३मध्ये एका माहितीपटात जपानी सैन्यातून लढलेले, जायबंदी झालेले आणि पेन्शन नाकारले गेलेले कोरियन सैनिक समोर आणले आणि थेट जपानी प्रेक्षकालाच विचारलं, हे असंच चालणार का? तो अपवाद. सैन्याच्या वेश्यागृहांत डांबलेल्या कोरियन स्त्रियांवरच्या कादंबरीतून १९५०मध्ये 'एस्केप अॅट डॉन' निघाला, तेव्हा सेन्सॉरच्या कात्रीतून पटकथा पुन्हा पुन्हा गेली आणि त्या कोरियन स्त्रीची जपानी गायिका झाली. १९६५मध्ये सेइजुन सुझुकीने तीच कादंबरी पुन्हा पडद्यावर आणली. अमेरिकी सेन्सॉर जाऊन तेव्हा तेरा वर्षं झाली होती, आणि नायिका तरीही जपानीच राहिली.