चौकोनातली फुली आणि दाट टाके: हॅमॉकच्या लूपबद्दलचा एक अर्धवट सल्ला

हॅमॉक (दोन झाडांमध्ये बांधायची झोळी) टांगण्याच्या वेबिंग-पट्टीला, म्हणजे जाड विणीच्या सपाट पट्ट्याला, घरच्या मशीनवर लूप कसा शिवावा, याबद्दल एक सल्ला फार फिरतो. पट्टीचे टोक दुमडावे, चौकोन शिवून त्यात फुली मारावी, दोरा मिळेल तितका जाड घ्यावा, टाके जमतील तितके दाट घालावेत आणि टोक वितळवून पक्के करावे. असा लूप दीडशे किलो पेलतो, माणसाचे वजन ऐंशी, तेव्हा एकदा शिवले की काळजी नाही. लूप शिवावा हे म्हणणे मला मान्य आहे, कारण गाठीमुळे पट्टीची ताकद सहज तिसऱ्या हिश्श्याने किंवा त्याहूनही अधिक घटते, तर नीट शिवलेल्या लूपमध्ये ती बरीच टिकून राहते. बाकीचा सल्ला मात्र मुद्द्यामुद्द्याने तपासावा लागतो.

आधी वजनाचा मुद्दा घेतो, कारण खरा धोका तिथे आहे. पट्टीवर येणारी ओढ म्हणजे माणसाचे वजन नव्हे. प्रत्येक बाजूची ओढ काढण्यासाठी वजनाला कोनाच्या साइनच्या दुपटीने भागावे लागते आणि हा कोन पट्टी व आडवी रेषा यांच्यामधला असतो. कोन ३० अंशांचा असेल, तर ऐंशी किलोच्या माणसामुळे प्रत्येक पट्टीवर ऐंशी किलोचीच ओढ येते. १५ अंशांना ती सुमारे १५५ होते, १० अंशांना २३० आणि ५ अंशांना जवळजवळ ४६०. हॅमॉक ताठ बांधायची हौस असणाऱ्याचा दीडशे किलोचा लूप त्यामुळे नुसते स्वस्थ पडून राहिल्यावरही उसवू शकतो, मग धपकन बसण्याची गोष्टच सोडा.

याच हिशेबाची एक दिलासा देणारी बाजूही आहे आणि ती या सल्ल्यात कधीच सांगितली जात नाही. दुमडून शिवलेल्या लूपला दोन पाय असतात, ओढ त्यांच्यात निम्मी-निम्मी वाटली जाते आणि फक्त मोकळ्या टोकाकडच्या पायातली ओढ टाक्यांमधून मूळ पट्टीत उतरते. म्हणजे शिवणीच्या वाट्याला एकूण ओढीच्या निम्माच भार येतो. समजा, १० अंशांची २३० किलोंची ओढ आणि पाचपट सुरक्षितता धरली. पट्टी ११५० किलो पेलणारी हवी आणि शिवण ५७५ किलो. टेक्स ७० जाडीचा (टेक्स हे दोऱ्याच्या जाडीचे माप) चांगला बॉन्डेड, म्हणजे पदर सुटू नयेत म्हणून लेप दिलेला, पॉलिएस्टर किंवा नायलॉन दोरा सुमारे पाच किलोंना तुटतो. प्रत्येक टाक्यात दोऱ्याचे दोन पदर थरांमधून जातात हे खरे, पण वरचा आणि बॉबिनचा, म्हणजे खालचा, दोरा एकमेकांत अडकतात तिथे दोऱ्याची ताकद कमी भरते आणि सगळ्या टाक्यांवर भार सारखा येत नाही, म्हणून टाक्याची ताकद एका दोऱ्याएवढीच धरणे शहाणपणाचे. तेव्हा ११५ टाके हवेत. ३ मिलिमीटरचा टाका ठेवून ९ सेंटिमीटर लांबीच्या चार उभ्या ओळी मारल्या की १२० टाके होतात आणि २५ मिलिमीटर रुंदीच्या पट्टीत त्या आरामात बसतात.

मग दाट टाक्यांचे काय? पट्टीचा भार लांबीच्या दिशेने जाणारे ताण्याचे धागे वाहतात. आडव्या सरळ ओळीत सुई जवळजवळ टोचत गेली, तर तिथे टपाल तिकिटाच्या कडेसारखी भोकांची रांग तयार होते आणि पट्टी नेमकी तिथेच फाटते. उभ्या ओळीत सुई बहुतेक वेळा धाग्यांमधून वाट काढते, त्यामुळे नुकसान कमी होते. इथे कोणी म्हणेल की गिर्यारोहणाच्या स्लिंगवर (पट्टी शिवून केलेल्या वळ्यावर) तर आडवे, गच्च बारटॅकच, म्हणजे छोट्या जागेत दाट मारलेले टाके, असतात. असतात, पण ते झिगझॅग टाके असतात, त्यामुळे भोके एका रेषेत येत नाहीत, शिवाय ते ठरावीक दोरा, सुई आणि ताण यांवर चालणाऱ्या खास मशीनचे काम असते आणि ईएन ५६६ या युरोपीय मानकानुसार त्या स्लिंगने किमान २२ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २२४० किलोंची ओढ, पेलावी लागते. घरच्या मशीनवर नुसता दाटपणा उचलून तो दर्जा येत नाही.

जाड दोऱ्याचा आग्रहही असाच उलटतो. लॉकस्टिचमध्ये, म्हणजे मशीनच्या नेहमीच्या टाक्यात, दोन्ही दोऱ्यांची अडकवण थरांच्या मधोमध दडलेली हवी. मशीनला न झेपणारा दोरा घातला की ती वर किंवा खाली पृष्ठभागावर येते, एक दोरा जवळजवळ सरळ पडून राहतो आणि घासून आधी तोच तुटतो. दोन थर बोटांनी फाकवून पाहावेत: मध्ये सैल दोरे दिसले, तर ताण जुळलेला नाही. टेक्स ७० साठी १०० किंवा ११० क्रमांकाची सुई घ्यावी आणि त्याच पट्टीच्या तुकड्यावर आधी शिवून बघावे. सुती दोरा तर नकोच, तो ओलाव्यात कुजतो.

फुलीबद्दल माझे मत असे की ती वाईट नाही, पण तिला मिळालेला मान अवाजवी आहे. तिरप्या रेषांनी टाके वाढतात, तेवढेच टाके उभ्या ओळींतही वाढवता येतात, आणि चौकोनाच्या आडव्या बाजू तर वरच्याच कारणाने नकोशा. शिवाय लूपच्या तोंडाजवळचे टाके वेगळ्याच तऱ्हेने मरतात. आखूड लूपमध्ये जाड कॅराबिनर (उघडझाप होणारी धातूची कडी) अडकवला, तर दोन्ही पाय फाकतात आणि पहिले टाके सरळ ओढले न जाता सोलले जातात. म्हणून लूपची आतली लांबी अडकवायच्या वस्तूच्या जाडीच्या निदान तिप्पट असावी. इतक्या साध्या गोष्टीने जो फायदा होतो तो कितीही फुल्या मारून होत नाही.

टोक वितळवल्याने धागे सुटायचे थांबतात एवढेच, ताकद वाढत नाही. वितळून कडक झालेला गोळा शिवणीखाली आला तर सुई मोडते. पट्टी कशाची आहे, याबद्दल हा सल्ला गप्प आहे. नायलॉन ताणतो आणि ओला झाला की आणखी, म्हणून हॅमॉकला पॉलिएस्टर बरा. डायनीमा (अतिशय मजबूत पॉलिथिलीन धागा) इतका गुळगुळीत असतो की थरांमधल्या घर्षणाची मदत जवळजवळ मिळत नाही, तिथे टाके वाढवावेच लागतात.

‘एकदा शिवले की काळजी नाही’ हे तर मुळीच खरे नाही. ऊन आणि घर्षण दोन्ही दोऱ्याला झिजवतात, म्हणून पट्टीच्या रंगाला विरोधी रंगाचा दोरा घ्यावा, म्हणजे तुटलेला टाका लगेच दिसतो. नवा लूप जमिनीपासून हातभर उंचीवर, खाली दगड किंवा खुंट नाही हे पाहून, आधी मुद्दाम जोर देऊन तपासावा आणि असा लूप गिर्यारोहणात कधीही वापरू नये. तोंडाजवळचे टाके तुटू लागले, तर त्याच भोकांतून पुन्हा शिवत बसू नये. तेवढा भाग कापून पट्टीच्या न टोचलेल्या भागावर नवी घडी घालावी.