कोयता काळा पडला ही चूक माझी, पण मधली पट्टी काढू नका

चिकोडीकर दादा, नमस्कार.

कोयत्याच्या म्यानावर मी लिहिलेल्या लेखाखाली तुमची लांबलचक, चिडलेली प्रतिक्रिया वाचली. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. माझं वाचून दादांनी चामडं भिजवलं, कोयत्यावर चढवलं, दोरीनं आवळून रात्रभर ठेवलं. सकाळी सोडून बघतात तर पातं निळंकाळं, आणि चामड्यालाही आतून शाई सांडल्यासारखे डाग. शिवाय दोन कातड्यांच्या मधे तिसरी पट्टी घालायला सांगणं म्हणजे चामड्याची नासाडी, चार रिव्हेट ठोकले की झालं, असं त्यांचं म्हणणं. आणि शेवटची ओळ: "अथणीकडच्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या केलेलं काम निपाणीच्या शाळामास्तरांनी फोनवर बघून शिकवू नये."

कोयत्याचं आधी. चूक सरळ माझी आहे. भिजलेलं चामडं चढवण्याआधी पात्याला प्लॅस्टिक गुंडाळायचं असतं, हे वाक्य मी लिहायलाच विसरलो. मी स्वतः दुधाची रिकामी पिशवी कापून वापरतो. हाताला इतकं सवयीचं झालंय की लिहिताना आठवलंच नाही. तुम्ही म्हणालात "शाई सांडल्यासारखे", आणि दादा, ती खरोखर शाईच आहे! आपल्याकडचं कोल्हापुरीचं चामडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावतात. जुन्या काळी लिहायची काळी शाई करताना हिरड्याच्या काढ्यात हिराकस टाकायचे, आणि हिराकस म्हणजे लोखंडाचंच मीठ. तुमच्या घरात रात्रभर तेच झालं. हिरडा चामड्यात होता, लोखंड कोयत्यात होतं, पाणी मी घालायला सांगितलं.

यातून एक मात्र कळलं. दुकानदारानं तुम्हाला फसवलेलं नाही, चामडं सालीचंच दिलंय. क्रोमचं, म्हणजे सालीऐवजी क्रोमियमच्या मिठात कमावलेलं, असतं तर एवढं काळं पडलं नसतं, पण ते कोयत्याचा आकारही धरून राहिलं नसतं. वाळलं की परत गोणपाटासारखं लोळतं. विकत घेताना कापलेली कड बघायची. आतून निळसर-राखाडी दिसली तर क्रोम, अंगभर तपकिरी असेल तर सालीचं.

डागांवर लिंबाचा रस फडक्यानं फिरवा, फक्त डागावर नको, सगळ्या तुकड्यावर, नाहीतर तिथे वेगळाच पांढुरका पट्टा उठेल. मग स्वच्छ पाण्याचं फडकं. पूर्ण जाणार नाहीत, फिके होतील. पात्याचा काळेपणा नुसता वरचा आहे. राख आणि काथ्यानं घासा आणि तेलाचा हात द्या. तांबडा गंज जिथे खोल गेलाय तिथे मात्र लोहाराकडेच जावं लागेल. आणि हेही मी लिहायला हवं होतं की म्यान शेताला नेण्या-आणण्यापुरतं. घरी आल्यावर कोयता बाहेर काढून खुंटीला टांगायचा. पावसाळ्यात खानापूरकडे तर वाळलेलं चामडंसुद्धा हवेतलं पाणी पितं, मग आतलं पातं गंजणारच.

आता मधली पट्टी. इथे मी हटणार नाही.

मी केलेल्या पहिल्या म्यानाला पट्टी नव्हती. दोन कातडी समोरासमोर, कडेनं शिलाई, दिसायला एकदम झकास. मोटरसायकलला अडकवून मळ्यात गेलो. आठ-दहा दिवसांत खालचे पाच टाके आतून कापले गेले आणि एका संध्याकाळी कोयत्याचं टोक सीटमध्ये घुसलेलं दिसलं. सीटमध्येच घुसलं हे नशीब, माझी मांडी तिथून चार बोटांवर होती. कोयत्याची धार पोटाकडे वळलेली असते, आणि म्यानात सरकताना ती नेमकी शिलाईवरच येऊन बसते. मधे 3 मिलिमीटरची पट्टी असली की धार पट्टीत रुतते, दोऱ्यापर्यंत पोचत नाही. पट्टीला नवं चामडं लागत नाही, चपलेच्या तळाच्या कापातून उरलेले तुकडे चालतात. नासाडी कसली?

नुसत्या रिव्हेटचं म्हणाल तर दोन रिव्हेटांच्या मधे फट राहते, पातं तिथून डोकावतं. रिव्हेटवर धार आपटली तर धार मोडते. पितळी असतील तर वर्षभरात हिरवा कळंक चढतो, तो वेगळाच. तोंडाशी, जिथे पातं आत घालताना सगळा ताण येतो, तिथे शिलाईच्या जोडीला एकेक रिव्हेट मारा, त्याला माझी हरकत नाही.

शिलाईबद्दल लिहिताना मी दोरा टाक्यांच्या रेषेच्या चौपट घ्या म्हटलं होतं. तेही इथे कमी पडतं. पट्टी धरून तीन थर, म्हणजे 9 मिलिमीटर जाडी. टाका 5 मिलिमीटरचा. दोन सुयांच्या शिलाईत, म्हणजे एकाच दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुई घेऊन, दोऱ्याचं प्रत्येक टोक एका टाक्यामागे 5 पुढे जातं आणि 9 आरपार जातं, म्हणजे 14. दोन टोकांचे 28. पाचानं भागा, साडेपाचपटीच्या वर जातं. म्हणून सहापट आणि वर वीतभर. एक फुटाच्या शिलाईला दोन मीटर मेण लावलेला दोरा घ्या. मधेच दोरा संपला की सगळी मजा जाते, अनुभव आहे.

भिजवायचं गार पाण्यात. बुडबुडे यायचे थांबले की बाहेर काढा, आणि लगेच चढवू नका. वरचा रंग परत फिकट व्हायला लागेल तेव्हा बोटानं दाबून बघा, ठसा राहिला पाहिजे. गरम पाणी घातलंत तर सालीचं चामडं आक्रसून लाकूड होतं. वाळवायचं सावलीत, दिवसभर तरी. ऊन लवकर वाळवतं खरं, पण दुमडीला तडा जातो.

राहिली तुमची शेवटची ओळ. ती लागली, कारण ती निम्मी खरी आहे. फोनवर बघूनच सुरुवात केली होती. नंतर अथणी तालुक्यातल्या एका मामांकडे दोन उन्हाळ्यांच्या सुट्ट्या बसलो. पहिले चार दिवस त्यांनी मला रापीला, म्हणजे चामडं कापायच्या हत्याराला, धारच लावायला लावली, आणि मी घाई केली की कानडीत म्हणायचे, "निधान मास्तर, निधान." कोल्हापुरीच्या भौगोलिक मानांकनात महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजयपूर हे आपले कर्नाटकातले चार जिल्हे आहेत, पण बाजारात नाव कोल्हापूरचं आणि भाव दलालाचा, हे मामांच्या ओसरीवर बसल्याशिवाय मला कळलं नसतं. लेखात त्यांचा साधा उल्लेखही मी केला नाही. तुम्ही टोचलंत ते बरं झालं. मामांना फोन करून विचारलं तर हसले. म्हणाले, "लिहा की ओ. लिहिलेलं वाचून आरी चालत असती तर माझा पोरगा पुण्याला कशाला गेला असता?" त्यांना नाव छापलेलं नको आहे, म्हणून नाव देत नाही, पण शिकलो ते त्यांच्याकडून, हे लेखाच्या सुरुवातीला आता घातलंय. दुधाच्या पिशवीचंही घातलंय.

तुमचा तुकडा टाकून देऊ नका. डाग आतल्या बाजूला घेतलेत तर द्राक्षछाटणीच्या कात्रीचं कमरेला लावायचं म्यान त्यातून सहज निघेल. फक्त खाली पाणी निघायला एक भोक ठेवा. आणि कोयत्यासाठी नवीन कापणार असाल तर आधी पातं जाड कागदावर ठेवून पेन्सिलीनं गिरवा आणि त्याचा फोटो इथेच टाका. पोटाचा बाक जास्त असेल तर म्यान पाठीकडून उघडं ठेवून दोन बटणपट्ट्या लावाव्या लागतील, त्या कुठे घ्यायच्या ते खुणा करून पाठवतो.