बेस६४ केल्याने फाइल ना लहान होते, ना सुरक्षित

चवथीच्या स्मरणिका छापखान्यात धाडायचे दिवस आले की गोव्यातल्या मंडळांच्या गटांवर एक निरोप फिरतो: ‘पीडीएफ जोडू नका. बेस६४ करून मेलच्या मजकुरात चिकटवा. फाइल लहान होते, सुरक्षित राहते, फिल्टरमध्ये अडकत नाही आणि कुठल्याही कॉम्प्युटरवर एका कमांडने परत मिळते.’ यातला एकही दावा पूर्ण खरा नाही. बेस६४ म्हणजे कुठलीही फाइल साध्या रोमन अक्षरांत, आकड्यांत आणि दोन-तीन चिन्हांत लिहायची पद्धत. तसं लिहिणं म्हणजे एन्कोड, परत मूळ फाइल करणं म्हणजे डिकोड. (कमांड खाली देवनागरीत आहेत, टाइप करताना रोमन छोटी अक्षरं वापरा.)

‘फाइल लहान होते.’ उलट वाढते. बेस६४ दर ३ बाइटांची ४ अक्षरं करतं. मेलच्या प्रमाण पद्धतीत एका ओळीत जास्तीत जास्त ७६ अक्षरं असतात, म्हणजे ५७ बाइटांची एक ओळ, आणि ओळ संपवायला आणखी २ बाइट. ५७ चे ७८ झाले. वाढ जवळजवळ ३७ टक्के. सर्व्हरची मर्यादा या वाढलेल्या आकाराला लागते. पोस्टफिक्स या मेल सर्व्हरच्या प्रोग्राममध्ये कुणी बदल केला नसेल तर ती १,०२,४०,००० बाइट असते. मूळ फाइल सुमारे ७५ लाख बाइटांपुढे गेली की मेल परत येतो. आकार कमी करायचा तर आधी फाइल दाबणारी ‘जीझिप’ कमांड, मग एन्कोडिंग. तेही हिशेबाच्या सीएसव्हीसारख्या मजकुरी फाइलींना उपयोगी. माटोळीच्या (गणपतीवर बांधायच्या फळाफुलांच्या सजावटीच्या) फोटोंनी भरलेली पीडीएफ आतून आधीच दाबलेली असते, ती फारशी घटत नाही.

‘सुरक्षित राहते.’ बेस६४ला किल्लीच नाही. मेल ज्याच्या हाती पडेल तो ‘बेस६४ -डी’ चालवून फाइल उघडेल. विक्रीखत किंवा आधारची प्रत अशी पाठवणं म्हणजे उघडी पाठवणं. गुप्तता हवी तर ‘जीपीजी -सी विक्रीखत.पीडीएफ’ चालवा, तयार झालेली फाइल जोडा आणि पासवर्ड फोनवर सांगा, त्याच मेलमध्ये लिहू नका.

‘फिल्टरमध्ये अडकत नाही.’ जोडलेली प्रत्येक बायनरी (साधा मजकूर नसलेली) फाइल बहुधा बेस६४मध्येच प्रवास करते, आणि तपासणारे सर्व्हर ती उलगडूनच तपासतात. मजकुरात चिकटवलेली एखाद्या फिल्टरमधून सुटेलही, पण मग विषाणू असलेलीही तशीच सुटेल.

खरा घोळ चौथ्या दाव्यात आहे. लिनक्सवरचं ‘बेस६४’ आपणहून दर ७६ अक्षरांनी ओळ तोडतं. निरोपासोबत फिरणारी कमांड ‘-डब्ल्यू ०’ लावते, त्यामुळे अख्खी फाइल एकाच ओळीत येते. एसएमटीपीत, म्हणजे मेल पोचवण्याच्या नियमांत, ओळीची मर्यादा ९९८ अक्षरांची. त्यापुढे गेल्यावर पोस्टफिक्स ओळ तोडतो आणि पुढच्या ओळीच्या सुरुवातीला एक स्पेस घालतो. डिकोड करताना ‘बेस६४ -डी’ नवी ओळ चालवून घेतं, पण स्पेस नाही. विंडोजवरून चिकटवताना आलेलं ओळीअखेरचं सीआर चिन्हही नाही. ‘चुकीचा इनपुट’ म्हणून ते थांबतं.

मग कुणीतरी ‘-आय’ लावायला सांगतं. हा पर्याय परकी चिन्हं वगळतो, पण रोमन अक्षरं त्याला परकी नाहीत! मेलच्या वरचं इंग्रजी अभिवादन किंवा खालची इंग्रजी सही फाइलीचाच भाग समजली जाते. सुरुवातीला अशी अक्षरं आली तर पुढचे सगळे चारचे गट सरकू शकतात आणि पूर्ण पीडीएफ बिघडते. विंडोजच्या ‘सर्टयुटिल -एन्कोड’चं तेच: ते पहिल्या आणि शेवटच्या ओळीत प्रमाणपत्राचे इंग्रजी शब्द घालतं. त्या दोन ओळी आधी काढा, मगच लिनक्सवर डिकोड करा. जुन्या मॅकवर तर डिकोडसाठी मोठा ‘डी’ लागतो. एवढं सगळं म्हापशाच्या छापखान्यातल्या माणसाने का निस्तरावं?

एन्कोडिंगचं काम मेल प्रोग्रामवर सोपवा, उदाहरणार्थ टर्मिनलवरच्या ‘मट’वर:

मट -एस "स्मरणिका" -ए स्मरणिका.पीडीएफ -- पत्ता < निरोप.टीएक्सटी

मधल्या दोन आडव्या रेघा विसरू नका. त्या नसतील तर मट पत्त्यालाही जोडायची फाइल समजतं. ‘मेल’ कमांड वापरणार असाल तर आधी ‘मॅन मेल’ वाचा. काही आवृत्त्यांत ‘-ए’ फाइल जोडतं, जीएनयूच्या मेलयुटिल्समध्ये ते हेडर (मेलच्या माथ्यावरची माहितीची ओळ) वाढवतं आणि फाइलीसाठी मोठा ‘ए’ लागतो. पीडीएफ थेट ‘कॅट’ने मेलमध्ये ओतू नका, शून्य बाइट आणि ओळीअखेरची चिन्हं वाटेत बदलतात.

फाइल मोठी असेल तर एन्कोड करण्याआधी तोडा: ‘स्प्लिट -बी ५एम स्मरणिका.पीडीएफ भाग-’. प्रत्येक भाग वेगळ्या मेलला जोडा. पलीकडे सगळे भाग एका फोल्डरात उतरवून ‘कॅट भाग-* > स्मरणिका.पीडीएफ’. बेस६४ केलेले तुकडे मात्र असे आधी जोडून मग एकत्र डिकोड करू नका: तुकड्याच्या शेवटी येणारी बरोबरची चिन्हं मध्येच आल्याने डिकोडर अडखळू शकतो.

पाठवण्यापूर्वी ‘शा२५६सम स्मरणिका.पीडीएफ’ चालवून आलेली ६४ अक्षरं, म्हणजे फाइलीचा ठसा, मेलमध्ये लिहा. छापखान्याने तीच कमांड चालवावी. एक अक्षर जरी वेगळं आलं तरी छपाईला घेऊ नये, फाइल पुन्हा मागवावी.