‘काका, थोडा अभ्यास करून लिहा’: एका प्रतिक्रियेला उत्तर

‘मिस्टर बॉटलनेक’ या नावाने वावरणाऱ्या एका वाचकाची प्रतिक्रिया परवा रात्री पावणेदोनला आली. खालच्या चौकोनात मावेल एवढं माझं उत्तर नाही, म्हणून वेगळं लिहितोय. मूळ लेख ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी: भाच्याला एक लाख दहा हजारांत गेमिंग लॅपटॉप कसा जुळवून दिला, त्याची ‘स्वतः जुळवला’ या शीर्षकाची ती हकिकत होती. कमी वॅटच्या ४०७० पेक्षा पूर्ण वॅटचं ४०६० घेतलं (दोन्ही एनव्हीडियाची ग्राफिक्स कार्डं), रॅमची दुसरी पट्टी आणि एक टीबीची एसएसडी घरी टाकली, थोडक्यात एवढंच.

प्रतिक्रिया पूर्ण देतो, म्हणजे ‘माझं अर्धवट छापलं’ अशी तक्रार नको:

“काका, आधी ‘कस्टम’चा अर्थ समजून घ्या. लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स बोर्डावर सोल्डर केलेलं असतं. रॅमची पट्टी टाकून ‘स्वतः जुळवला’ म्हणणं म्हणजे वडापाववर जास्तीची चटणी मागून ‘मी बनवला’ म्हणण्यासारखं आहे. ४०६० चे १४० वॅट कुठून काढलेत? ११५ आहेत. ८ जीबी व्हीरॅम [ग्राफिक्स कार्डाची स्वतःची मेमरी] किती दिवस पुरणार, यावर एक अक्षर नाही. याच पैशात चांगला डेस्कटॉप येतो. थोडा अभ्यास करून लिहा.”

पहिलं म्हणजे ‘काका’. माझं वय त्रेचाळीस. मानपाड्याचे रिक्षावाले मला अजून ‘दादा, कुठे?’ असंच विचारतात. काका म्हणण्याला हरकत नाही, सोसायटीतली पोरं म्हणतातच. पण ती ‘काका, बॉल द्या ना’ म्हणतात. तुमच्या ‘काका’त बॉल मागायचा सूर नाही. काच फोडून वर ‘इथे खिडकी कशाला केलीत?’ असं विचारणारा सूर आहे.

तुमचं जे बरोबर आहे ते आधी देऊन टाकतो, नाहीतर म्हणाल की काका चूक कबूल करत नाहीत. ४०६० ची कंपनीने दिलेली मर्यादा ३५ ते ११५ वॅट आहे. वरचे २५ ‘डायनॅमिक बूस्ट’चे, म्हणजे प्रोसेसरला गरज नसेल तेव्हा त्याच्या वाट्याची वीज कार्डाकडे वळते. मी बेरीज करून सरळ १४० लिहिले. आणखी पुढचं सांगतो, जे तुम्हीही लिहिलं नाहीत: भाच्याच्या मशीनवर खेळताना आकडा शंभर-एकशेपाचच्या वर फारसा जातच नाही. लेखात दुरुस्ती केली आहे. झालं समाधान?

आता वडापाव. ठाण्यात राहणाऱ्या माणसाला वडापावाचं उदाहरण देताना जरा विचार करायचा होता. नौपाड्यात गजानन वडापावच्या दुकानासमोर लोक रांगेत उभे असतात ते वड्यासाठी की त्या पिवळ्या चटणीसाठी, हे कुणालाही विचारा. वडा गावभर मिळतो. चटणीमुळे माणूस रांग लावतो. तेव्हा तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे, फक्त ते देताना तुमच्या लक्षात आलं नाही.

आणि मुद्द्याचं बोलायचं तर सोल्डरची बातमी मला तुमच्याकडून कळलेली नाही. पूर्वी एमएक्सएम नावाचं सुटं ग्राफिक्स कार्ड लॅपटॉपात बसायचं. ते काढून दुसरं बसवता येत असे. तैवानच्या क्लेव्होचे रिकामे सांगाडे घेऊन त्यात हवी ती रॅम-एसएसडी भरून विकणाऱ्या कंपन्या परदेशात आहेत. फ्रेमवर्कच्या सोळा इंची लॅपटॉपात ग्राफिक्सचा भागच काढून बदलता येतो, तोही मला ठाऊक आहे. पण ते काही एक लाख दहा हजारांत येत नाही. आपल्यासारख्याला दुकानात जे मिळतं त्यात हाताशी काय उरतं, तेवढ्यापुरता माझा लेख होता.

आणि पुष्कळ उरतं हो. तोच प्रोसेसर आणि तेच कार्ड दोन वेगळ्या सांगाड्यांत दोन वेगळी यंत्रं होतात. एकाला दोन पंखे आणि चार जाड हीटपाइप (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्या), दुसरा पातळ दिसावा म्हणून गुदमरलेला. एकाला मक्स स्विच असतो, दुसऱ्यात नसतो. नसेल तर कार्डाने काढलेलं प्रत्येक चित्र प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सच्या दारातून पडद्यावर जातं आणि वाटेत फ्रेम गळतात. रॅमचे स्लॉट दोन आहेत की एक पट्टी बोर्डालाच चिकटलेली आहे, एसएसडीला दुसरी जागा आहे का, पडदा ४५ टक्के एनटीएससीचा फिकट की शंभर टक्के एसआरजीबीचा (पडदा किती रंग दाखवतो त्याची ही मापं). मी घटक निवडले म्हणतो ते हे. यातलं एकही दुकानातल्या पाटीवर नसतं. तिथे फक्त प्रोसेसरचं नाव, कार्डाचं नाव आणि ईएमआयचा आकडा.

रॅमच्या पट्टीची तर तुम्ही अगदीच चेष्टा केलीत. भाच्याचं मशीन ८ जीबीच्या एकाच पट्टीवर आलं. एका पट्टीवर प्रोसेसरला मेमरीचा रस्ता ६४ बिटांचा मिळतो, दोन पट्ट्यांवर १२८. (‘डीडीआर५ ची एकच पट्टी ड्युअल चॅनल असते’ असं कुणी सांगेल. त्यात ३२-३२ चे दोन उपचॅनल असतात, बेरीज ६४ च.) दुसरी पट्टी टाकल्यावर सरासरी फ्रेम थोड्या वाढल्या, पण गर्दीच्या प्रसंगी खेळ जो मध्येच उचकी लागल्यासारखा थांबायचा, ते थांबलं. ही चटणी बरं का.

‘अभ्यास करून लिहा’ म्हणालात, तर माझा अभ्यास कुठे झाला तेही ऐका. २००८ पासून दर रविवारी घरात लॅपटॉप उघडतोय. नोकरी महापेला, नेटवर्कची. हा छंद. अभ्यासातला सगळ्यात महाग धडा २०१९ सालचा: ६० हर्ट्‌झच्या पडद्याजागी १४४ चा बसवायचा म्हणून लॅमिंग्टन रोडला जाऊन पॅनल आणलं. ठाणे ते दादर, दादरला पूल चढून ग्रँट रोडची गाडी, येताना ते काचेचं पॅनल छातीशी धरून संध्याकाळच्या फास्ट लोकलमध्ये. घरी येऊन बघतो तर पॅनल चाळीस पिनांचं आणि माझी केबल तीस पिनांची. मापाने, स्क्रूंनी, सगळ्याने बसतंय आणि त्या दहा पिनांसाठी पडदा काळा. दुकानदार म्हणाला, “उघडलेला माल परत नाही.” ते पॅनल अजून माळ्यावर आहे. तुमच्या अभ्यासात असं काही माळ्यावर आहे का?

दुसरा धडा २०२१ चा. त्याआधीच्या पिढीत कमी वॅटच्या कार्डाच्या नावातच ‘मॅक्स-क्यू’ लिहिलेलं असायचं. त्या वर्षापासून ते नावातून गेलं आणि सगळेच नुसते ३०७० झाले. मी हौसेने पातळसा ३०७० घेतला. कंपनीचं नाव घेत नाही. ऑफिसातल्या मित्राने माझ्यापेक्षा पस्तीस हजार कमी देऊन जाडजूड ३०६० घेतला. दुपारच्या सुट्टीत दोन्ही शेजारी ठेवून एकच खेळ, एकाच सेटिंगला लावला. त्याचा आकडा माझ्या पुढे. एनव्हीडिया-एसएमआय (कार्ड किती वीज घेतंय ते दाखवणारा प्रोग्रॅम) चालवून बघितलं तर माझं कार्ड ८० वॅटवर अडलेलं, त्याचं १३० पर्यंत जात होतं. पस्तीस हजारांत मी नावातला एक आकडा विकत घेतला होता. भाच्याला ४०७० का घेऊ दिलं नाही, त्याचं मूळ त्या दुपारच्या डब्यात आहे. ४०७० मध्ये कोअर बरोबर दीडपट आहेत, ४६०८ विरुद्ध ३०७२, कबूल. पण बजेट ओढूनताणून जे मॉडेल बसत होतं त्यात त्यांना पोटभर वीज मिळत नव्हती.

(आता त्या मित्राच्या ६ जीबी व्हीरॅमला नवे खेळ नाक मुरडतात आणि माझे ८ अजून चालवून घेतात, हे खरं आहे. पण तो वेगळा विषय.)

आणि सांगाड्याची निवड म्हणजे काय ते शब्दांनी पटत नसेल तर एखाद्या रविवारी घरी या, दाखवतो. तीन आठवड्यांपूर्वी शेजारच्या विंगमधल्या मुलाचा लॅपटॉप आला होता. तक्रार: खेळ सुरू केला की दहा मिनिटांत रांगायला लागतो. तळाचे तेरा स्क्रू, त्यातले मागचे चार लांब. लांब स्क्रू आखूड जागी घातला की बोर्डाला भोक, म्हणून आमच्याकडे मसाल्याच्या डब्याच्या वाट्या या कामाला लागतात. (मोहरी त्या दिवशी कुठे असते ते बायकोला विचारू नका.) मुदत संपलेलं डेबिट कार्ड फटीत घालून कडेकडेने सरकवायचं, कट् कट् करत तळ सुटतो. आत पंख्याच्या तोंडाशी, तांब्याच्या पात्यांवर, राखाडी नमदा जमलेला. चिमट्याने उचलला तर अख्खा पट्टा निघाला, जोड्याच्या आतल्या तळव्यासारखा. घोडबंदर रोडला खिडकी उघडी ठेवून, मेट्रोचं काम चालू असताना दोन वर्षं खेळल्यावर दुसरं काय होणार? प्रोसेसरची उष्णता बाहेर काढायला लावलेली पेस्ट खडूसारखी सुकलेली. साफ करून नवी पेस्ट लावली. ९६ अंशांवरून ८३ वर आला. कार्ड तेच, प्रोसेसर तोच. त्या मुलाला पंखे सुटे करता येतील, तळ सहज उघडेल असं मॉडेल घेताना कुणी सांगितलं असतं तर त्याला माझ्याकडे यायची वेळ आली नसती. हे मी लेखात लिहिलं होतं, सातव्या परिच्छेदात. तुम्ही तिथपर्यंत पोचला होतात का, अशी मला शंका आहे.

डेस्कटॉपचं काय बोलायचं! याच पैशात तो जास्त ताकदीचा येतो, हे शेंबडं पोरही सांगेल. भाचा नेरुळला हॉस्टेलवर राहतो आणि शनिवारी ठाण्याला येतो. सकाळच्या ठाणे-पनवेल गाडीत कॅबिनेट आणि मॉनिटर घेऊन तुम्ही एकदा चढून दाखवा, मग बोलू.

व्हीरॅमचं म्हणाल तर लॅपटॉपच्या ४०७० मध्येही ८ च जीबी आहेत. १२ हवे असतील तर ४०८०. वरचे पैसे तुम्ही पाठवणार असाल तर क्रमांक कळवतो. भाचा १०८० पी वर खेळतो, त्याला पुरतंय. मागच्या शनिवारी एका नव्या खेळात त्याने टेक्श्चर (व्हीरॅम खाणारी सेटिंग) ‘हाय’वरून ‘मीडियम’ला आणलेलं दिसलं, पण त्याला तसंच आवडत असेल. मी विचारलं नाही.

आणि ‘स्वतः जुळवला’ हे शीर्षक मी बदलणार नाही. शीर्षक म्हणजे काही करारनामा नव्हे.

एक विनंती. रात्री पावणेदोनला कुणाला काही लिहायचं असेल तर जरूर लिहा, मी वाचतो. पण टोपणनावाच्या आडून ‘अभ्यास करा’ म्हणण्याआधी स्वतःच्या लॅपटॉपचा तळ एकदा उघडून बघा. नमदा निघाला तर फोटो पाठवा, आणि लांब स्क्रू कुठले ते आधी लिहून ठेवा.

लेखात १४० च्या जागी ‘११५, वर बूस्टचे २५’ केलं आहे. बाकी जसंच्या तसं. आणि दादा चालेल.