प्रोफाइलवरचे आडनाव

माझी भाची छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करते. नोकरी बदलण्याच्या विचारात असताना तिने मला फोनवर विचारले, "मावशी, लिंक्डइनवर नुसते पहिले नाव ठेवू का? आडनाव काढूनच टाकते." हा प्रश्न कुठून आला हे मला कळले. 2025 मध्ये बीड जिल्ह्यातील पोलिसांच्या नावपट्ट्यांवरून आडनावे काढण्यात आली, कारण आडनावावरून जात ओळखली जाते आणि त्या ओळखीवरून पोलिसाविषयी ग्रह करून घेतला जातो. त्या निर्णयाच्या निमित्ताने आडनाव हवेच कशाला, हा जुना वाद आपल्याकडे पुन्हा रंगला.

माझ्या बहिणीने आंतरजातीय विवाह केला आहे. भाचीचे आडनाव ऐकताच समोरचा माणूस तिची जात ओळखतो. माझेही आडनाव ऐकून ती ओळखली जात होती, पण त्याची किंमत मला गावाकडे कधी मोजावी लागली नाही. ती पहिल्यांदा मोजली ती जर्मनीत, श्टुटगार्टला आल्यानंतर, जेव्हा दुसऱ्या नोकरीसाठी पाठवलेल्या अर्जांना महिनोन्महिने उत्तर येईना. म्हणून भाचीला मी लगेच "छे, असे काही नसते" असे म्हणू शकले नाही. असे असते, आणि ते मोजूनही झालेले आहे.

अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि समाजशास्त्रज्ञ पॉल अटेवेल यांनी 2007 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भारतातील खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवले होते. दलित आडनावाच्या अर्जाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण आडनावाच्या अर्जापेक्षा स्पष्टपणे कमी निघाली, आणि मुस्लिम नावाच्या अर्जाची त्याहूनही कमी. जर्मनीत कोन्स्टान्झ विद्यापीठातील दोन संशोधकांनी विद्यार्थ्यांच्या इंटर्नशिपसाठी केलेला असाच प्रयोग 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. जर्मन नावाच्या अर्जांना तुर्की नावाच्या अर्जांपेक्षा सुमारे 14 टक्के अधिक प्रतिसाद मिळाला, आणि लहान कंपन्यांत हा फरक आणखी मोठा होता. मात्र याच प्रयोगातील दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. ज्या अर्जांना आधीच्या वरिष्ठांचे, उमेदवाराच्या स्वभावाविषयी आणि कामाविषयी चांगले सांगणारे शिफारसपत्र जोडलेले होते, त्या अर्जांत नावामुळे पडणारा फरक आढळला नाही.

याचा मी लावलेला अर्थ असा की अर्जात जिथे माहिती नसते तिथे वाचणारा माणूस नावावरून अंदाज बांधतो, आणि खरी माहिती समोर आली की त्या अंदाजाची त्याला गरज उरत नाही. ज्याच्या मनात द्वेषच आहे त्याला शिफारसपत्र बदलणार नाही, हे मला मान्य आहे; त्याच्यासाठी कायदा हवा आणि तो राबवणारी माणसे हवीत. पण निवडीच्या टेबलावर बसणारे सगळेच द्वेष्टे नसतात. पुष्कळ जण घाईत असतात.

नाव झाकण्याचा मार्ग जर्मनीने करून पाहिला आहे. भेदभावविरोधी केंद्रीय कार्यालयाच्या पुढाकाराने 2010 च्या नोव्हेंबरात सुरू झालेल्या प्रयोगात डॉइचे पोस्ट आणि डॉइचे टेलिकॉम यांसारख्या मोठ्या कंपन्यांनी पहिल्या टप्प्यात नाव, फोटो, वय आणि मूळ देश नसलेले अर्ज तपासले. ही पद्धत चांगली आहे आणि आपल्याकडेही ती यावी असे मला मनापासून वाटते, परंतु ती नोकरी देणाऱ्याने पाळायची पद्धत आहे. समाजमाध्यमावरच्या प्रोफाइलला ती लागू पडत नाही, कारण प्रोफाइल हे शोधले जाण्यासाठीच असते.

बीडच्या निर्णयाला माझा पाठिंबा आहे. पोलिसाच्या हातात सत्ता असते, तक्रार घेऊन आलेल्या माणसाला आपला पोलिस निवडता येत नाही, आणि हा आपल्यातला की त्यांच्यातला ही शंका ठाण्याच्या दारातच मिटलेली बरी. भाचीची गोष्ट वेगळी आहे. तिच्या पदवीवर, पगारपत्रकावर आणि पासपोर्टवर तिचे आडनाव आहे. परदेशात अर्ज करायचा ठरला तर व्हिसापर्यंतच्या प्रत्येक कागदावर ते लागणार आहे. प्रोफाइलवर एक नाव आणि कागदावर दुसरे, अशी तफावत दिसली की इथे जर्मनीत कर्मचारी विभाग पहिली शंका तिच्यावर घेतो. अनोळखी लोकांना आडनावाचे फक्त आद्याक्षर दिसावे अशी सोय लिंक्डइनवर आहे, आणि ज्या मुलींना त्रासदायक संदेश येतात त्यांनी ती जरूर वापरावी. परंतु लाज वाटते म्हणून आडनाव काढू नये. लाज वाटावी असे त्या आडनावात काहीही नाही.

मग तिने पाठवलेला मजकूर मी वाचला. नावाखालच्या ओळीत आणि परिचयात "पॅशनेट", "रिझल्ट-ओरिएंटेड", "टीम प्लेअर" असे शब्द होते, आणि तिने प्रत्यक्षात काय केले हे कुठेच नव्हते. जर्मनीत नोकरी सोडताना मालकाकडून लेखी प्रशस्तिपत्र, म्हणजे आर्बाइट्सत्सॉइग्निस, मिळणे हा कर्मचाऱ्याचा कायदेशीर हक्क आहे. ते सद्भावनेने लिहिलेले असले पाहिजे अशी अपेक्षा असल्यामुळे तिथे सगळेच चांगले लिहितात, आणि परिणामी स्तुतीची एक सांकेतिक भाषा तयार झाली आहे. "आम्ही त्यांच्या कामावर पूर्ण समाधानी होतो" हे वाक्य कानाला गोड लागते, पण वाचणाऱ्याला त्यातून मधल्या प्रतीचा कर्मचारी कळतो. पहिल्या प्रतीसाठी "नेहमी" आणि "सर्वाधिक पूर्ण" असे शब्द लागतात. गुणविशेषणांचे असेच होते. सगळ्यांनी वापरली की त्यांतून काहीच कळत नाही.

मी तिला फोनवर कामाबद्दल विचारत गेले. ब्रेकच्या सुट्या भागांच्या एका लाईनवर रिजेक्शन 4 टक्के होते. गेजमध्येच, म्हणजे माप तपासण्याच्या साधनातच, दोष आहे हे तिने शोधून काढले आणि आठ महिन्यांत ते दीड टक्क्यावर आणले. ग्राहक कंपनीच्या तक्रारीचा 8-डी रिपोर्ट, म्हणजे दोषाचे मूळ कारण आणि उपाय आठ पायऱ्यांत मांडणारा अहवाल, तिने एकटीने पूर्ण केला होता. "हे लिहायचे असते होय? हे तर रोजचे काम आहे," असे ती म्हणाली तेव्हा मला वाईट वाटले. आपले आपण सांगू नये, लोकांनी सांगावे, या संस्कारात आपण वाढलो. तो संस्कार मला प्रिय आहे, पण केलेल्या कामाची नोंद म्हणजे बढाई नव्हे. श्टुटगार्टच्या वाहन उद्योगात 8-डी हा शब्द प्रत्येक गुणवत्ता अभियंत्याला रोज लागतो, आणि तो वाचताच समोरच्याला वाळूजची मुलगी आपल्या कामातली वाटते. नावाखालच्या ओळीला 220 अक्षरांची मर्यादा आहे आणि मोबाइलवर त्यातलीही सुरुवातच दिसते, म्हणून कामाचे क्षेत्र आणि सुटे भाग आधी, पदनाम नंतर, असे आम्ही ठरवले.

लिंक्डइनवर नावाचा उच्चार दहा सेकंदांत ध्वनिमुद्रित करून ठेवता येतो. जर्मन माणूस इंग्रजी लिपीतला 'जे' हा 'य' असा वाचतो आणि 'व्ही' पुष्कळदा 'फ' असा. भाचीच्या नावात ही दोन्ही अक्षरे आहेत. तिने पूर्ण नाव, आडनावासकट, स्वच्छ मराठी उच्चारात म्हणून ठेवले आहे. शिफारस लिहायला तिचे जुने सुपरवायझर तयार झाले आहेत, आणि त्यांना तिने एवढीच विनंती केली आहे की गुणवर्णन थोडके असू द्या, लाईन कोणती होती आणि काम कोणत्या साली केले तेवढे मात्र लिहा.