पुलाआधी जमिनीचं बोला

सिंगापूरहून चार दिवसांची सुट्टी काढून बालीला गेले होते. किनाऱ्यावर न राहता पूर्वेकडच्या कारांगासेम भागातलं तेंगानान हे जुनं गाव पाहिलं. वेशीवर ऐपतीप्रमाणे देणगी द्यायची आणि आत जायचं. मधोमध दगडी फरसबंदीची रुंद वाट चढत जाते, दोन्ही बाजूंना घरांच्या रांगा. ओसरीवर बायका ‘गेरिंगसिंग’ विणत होत्या. उभे आणि आडवे, दोन्ही धागे आधी बांधून रंगवायचे आणि मगच मागावर चढवायचे, आपल्याकडच्या पाटणच्या पटोळ्यासारखं. एका कापडाला काही वर्षंसुद्धा लागतात.

पण माझ्या मनात घर केलं ते गावच्या कायद्याने. त्याला ‘आविग-आविग’ म्हणतात. गावची जमीन बाहेरच्याला विकता येत नाही, गहाणही टाकता येत नाही. डुरियनचं फळ झाडावरून तोडायचं नाही. पिकून पडलं की ज्याला सापडेल त्याचं.

माझं माहेर गोव्यातल्या दिवाडीचं. मांडवीतल्या या बेटावर आजही फेरीबोटीनेच जायचं. पूल हवा की नको, हा वाद मी लहानपणापासून ऐकते आहे. परदेशातले आम्ही बहुतेक ‘नको’च्या बाजूचे. मीही होते. गेल्या वर्षी रात्री आईला छातीत कळ आली आणि दादा तिला घेऊन धक्क्यावर फेरीची वाट पाहत उभा राहिला, तेव्हापासून मला तसं बोलता येत नाही. वर्षातून पंधरा दिवस येणाऱ्या माणसाला फेरी सुंदर दिसावी म्हणून तिथे राहणाऱ्यांनी धक्क्यावर ताटकळायचं, हे न्यायाचं नाही.

मात्र पूल आला की जमिनीचा भाव चढणार, आणि तिथे आमच्या हातात काय आहे? दिवाडीची सखल शेतं खाजन आहेत. नदीचं खारं पाणी बांधाने अडवायचं, मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या वाटेच्या, दारांनी आवरायचं. भरती आली की पाण्याच्या रेट्याने दार आपसूक मिटतं, ओहोटीला उघडून आतलं पाणी बाहेर जातं. पूर्वी हे सगळं ‘गावकरी’ पाहत असे, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांची, सामाईक जमीन सांभाळणारी संस्था. १९६४च्या कूळ कायद्यानंतर जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे गेली. पिढी नोकरीला लागली, शेतं पडीक राहिली. पडीक शेताच्या बांधाकडे कोण बघणार? एका ठिकाणी भगदाड पडलं की खारं पाणी शेजारच्याच्या कोरगुट भातातही शिरतं. मग म्हणायचं, इथे काही पिकत नाही, विकून टाका. २०२४मध्ये नगरनियोजन कायद्यात आलेल्या ३९अ कलमाने तर मालकाच्या अर्जावरून भूखंडाचा झोन बदलण्याची वाट मोकळी झाली. खाजनातलं एक शेत विकणं हा एकट्या मालकाचा व्यवहार नसतो, कारण बांध सगळ्यांचा असतो. तेंगानानने हे ओळखलं आणि कायद्यात घातलं. आम्ही ओळखतो, पण वाद घालतो तो पुलावर.

तेंगानान जसंच्या तसं उचलावं असं मी म्हणणार नाही. तिथे गावाबाहेर लग्न करणाऱ्याचे हक्क जातात. आमच्या गावकरीतही झोण, म्हणजे उत्पन्नातला वाटा, मिळते ती पुरुषांच्या वंशाला. मी गावकाराची लेक, माझं नाव त्या वहीत नाही. शेत कसणाऱ्या कुळाचंही नसतं. तेव्हा जमीन विकायला गावाची संमती लागावी, पण त्या गावात बायका, कुळं, मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारे) सगळे मोजले जावेत. हे आधी व्हावं आणि मग पूल खुशाल व्हावा. माझा त्याला विरोध नाही.

हे सगळं मी दादाला फोनवर सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “आमच्या मानशीची दोन दारं कुजलीत. पावसाआधी बदलायला हवीत. सुतार बघून ठेवलाय.” पैसे उद्या पाठवते आहे.